लकव्यानंतरचे सहा महिने : घरच्यांनी काय करायचे आणि काय करायचे नाही

रुग्णाला घरी आणतात त्या दिवशी घर माणसांनी भरलेले असते. कोणी दम केलेले पाणी आणतो, कोणी तेलाची बाटली, कोणी कुठल्याशा गावच्या वैद्याचा पत्ता. डिस्चार्जच्या कागदावर शेवटी एक ओळ असते, ‘फिजिओथेरपी करावी’. किती, कुठे, कोणाकडून, कधीपर्यंत, यातले काहीच लिहिलेले नसते. तो कागद औषधांच्या पिशवीत जातो आणि जो इलाज आता सुरू व्हायला हवा तो तिथेच थांबतो.

आमच्या ओळखीच्या अनेक घरांत आम्ही हेच पाहिले. ज्यांच्या घरी सध्या अब्बा, अम्मी, दादी किंवा एखादा तरणाताठा भाऊ अंथरुणाला खिळला आहे, त्यांच्यासाठी हा लेख. तो डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. डॉक्टरांना आणि थेरपिस्टना नेमके काय विचारायचे, ते कळावे इतकाच हेतू आहे.

एक नाव, दोन आजार

आपल्याकडे लकवा, फालिज, पक्षाघात, अर्धांगवायू हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. त्यात एक मोठा घोटाळा आहे. सकाळी उठल्यावर फक्त तोंड वाकडे झालेले, एक डोळा मिटत नाही, कपाळाला आठी पडत नाही, पण हात-पाय आणि बोलणे ठीक, हा बहुतेक वेळा चेहऱ्याच्या नसेचा आजार असतो. डॉक्टर त्याला बेल्स पाल्सी म्हणतात. त्यातले बहुतेक लोक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात, पुष्कळदा कसल्याही विशेष उपचाराशिवाय. (तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे. फरक ओळखणे हे त्यांचे काम आहे, आणि लवकर सुरू केलेल्या गोळ्यांचा फायदा होतो.)

आम्ही ज्याबद्दल लिहितो आहोत तो स्ट्रोक. यात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटून रक्तस्राव होतो, आणि मेंदूचा तेवढा भाग मरतो. गुठळीचे प्रमाण जास्त. उजव्या मेंदूला इजा झाली तर डावी बाजू जाते, डाव्या मेंदूला झाली तर उजवी, आणि बहुतेकांची बोलीही.

‘अमुक बाबांच्या औषधाने आमच्या चाचांचा लकवा पंधरा दिवसांत गेला’ अशी गोष्ट ऐकली की आधी विचारावे, चाचांचा हात-पाय गेला होता का? पुष्कळ वैद्यांची कीर्ती वाकड्या तोंडावर उभी आहे, जे आपोआप सरळ होणारच होते.

हात शाबूत, दोर तुटलेला

स्ट्रोकमध्ये हाताचे किंवा पायाचे स्नायू मरत नाहीत. त्यांना हुकूम देणारी मेंदूतली जागा गेलेली असते. म्हणून नुसत्या मालिशने हात परत येत नाही. तेल कातडीवर लागते, बिघाड डोक्यात आहे. मेलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. पण शेजारचे आणि दुसऱ्या बाजूचे भाग त्याचे काम थोडेफार शिकू शकतात. ते शिकतात ते फक्त पुन्हा पुन्हा केल्याने, आणि रुग्णाने स्वतः केल्याने. मदरशात हिफ्ज करणारे पोर आठवा. उस्तादांनी शंभर वेळा वाचून दाखवले तरी पोराला पाठ होत नाही. त्याने स्वतः घोकले तरच होते, आणि मागचा सबक फिरवला नाही तर तो निसटतो. हाताचेही तसेच आहे.

सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. सहा महिन्यांपर्यंत वेग बराच मंदावतो. पुढेही सुधारणा होते, पण जास्त मेहनतीने आणि कमी मापाने. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ७२ रुग्णांना हाताचा वीस तासांचा जादा सराव वेगवेगळ्या वेळी दिला गेला. सर्वांत जास्त फायदा दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यावर ज्यांना मिळाला त्यांना झाला. सहा महिन्यांनंतर ज्यांना मिळाला त्यांना जवळपास नाहीच. अभ्यास लहान आहे, त्यावरून ठाम नियम काढू नये. पण आपल्याकडे नेमके हेच महिने गाडी भाड्याने करून या गावाहून त्या गावाला जाण्यात संपतात, याचे आम्हाला वाईट वाटते.

चमचाभर झमझम

शिफा मिळावी म्हणून झोपलेल्या रुग्णाच्या तोंडात चमच्याने झमझम घालतात. नीयत चांगली असते. पण स्ट्रोकनंतर सुरुवातीला निम्म्याच्या आसपास रुग्णांना नीट गिळता येत नाही, आणि गिळायला सर्वांत धोक्याचे असते ते पातळ पाणीच. ते अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते. ठसका लागतोच असे नाही. काही जणांच्या छातीत पाणी गुपचूप जाते आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. स्ट्रोकमधून वाचलेला माणूस न्यूमोनियाने जाणे हे दुर्मीळ नाही.

म्हणून ‘गिळण्याची तपासणी झाली का?’ हा प्रश्न रुग्णालय सोडण्यापूर्वी विचारायचाच. ती होईपर्यंत तोंडाने काही नाही. झालीच तर थेरपिस्टने सांगितले तेवढेच घट्ट अन्न, पाठ सरळ करून, छोट्या घासाने, आणि जेवणानंतर अर्धा तास बसवून ठेवायचे. जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर वाटला तर थांबायचे. झमझम नुसते ओठांना लावता येते.

अंथरुणातल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची. ढुंगण, टाचा आणि माकडहाड रोज बघायचे. तिथे लालसर डाग दिसला आणि दाबल्यावर फिका पडत नसेल, तर जखमेची ती सुरुवात आहे. नुसती पावडर लावून ती थांबत नाही, त्या जागेवरचा भार काढावा लागतो.

उठवण्याची घाईही नको. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी पाच देशांतल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात (२०१५) असे दिसले की पहिल्या २४ तासांत जोर लावून वारंवार उठवल्याने निकाल थोडा वाईटच लागतो. पण ही गोष्ट पहिल्या दिवसाची. त्यानंतर ‘महिनाभर आराम करू द्या’ म्हणणारे पाहुणे चुकीचे सांगतात.

खिदमत कशाला म्हणायचे

आमच्या मते सर्वांत जास्त नुकसान इथे होते, आणि तेही प्रेमापोटी.

मुलगा भरवतो, सून गुंड्या लावते, नातू चष्मा चढवतो. अब्बा पडून असतात आणि येणारे-जाणारे म्हणतात, माशाअल्लाह, किती खिदमत! मेंदूला मात्र एवढाच निरोप जातो की या हाताची आता गरज नाही. न वापरलेला हात आणखी न वापरण्यासारखा होतो. याच विचारावर एक उपचारपद्धती उभी आहे. चांगल्या हाताला जाड मोजा घालून बांधून ठेवायचा आणि दोन आठवडे दिवसभर कमजोर हाताकडूनच कामे करून घ्यायची. २००६ साली अमेरिकेतील २२२ रुग्णांवरच्या अभ्यासात तिचा फायदा सिद्ध झाला, आणि त्या रुग्णांना स्ट्रोक होऊन तीन ते नऊ महिने झालेले होते. हे सगळ्यांना जमत नाही; बोटे आणि मनगट थोडे तरी उघडावे लागते. थेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नये. पण त्यामागची गोष्ट घरात रोज पाळता येते. ज्याला अर्धा घास उचलता येतो त्याला तो उचलू द्या. सांडेल. दस्तरखान धुता येतो.

काही गोष्टी मात्र घरच्यांनी करायच्याच, आणि नीट करायच्या :

कमजोर हात धरून माणसाला कधीही ओढायचे नाही. उठवताना नाही, वुजूला नेताना नाही, सदरा घालताना नाही. खांद्याचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निसटतो, आणि ते दुखणे महिनोन् महिने जात नाही. कमरेला रुंद पट्टा बांधून किंवा पाठीमागून आधार देऊन उठवावे. बसल्यावर तो हात लोंबकळत ठेवायचा नाही, मांडीवर किंवा उशीवर ठेवायचा. सदऱ्याची आधी कमजोर बाजू घालायची, काढताना ती शेवटी.

डावी बाजू गेलेल्या काही रुग्णांना डावीकडचे जगच उरत नाही. डोळे ठीक असतात, पण ताटातला उजव्या बाजूचा भात संपतो आणि डावीकडचे सालन तसेच राहते. अर्धीच दाढी करतात. ‘आवडले नाही वाटते’ म्हणून घरचे ताट उचलतात. हा नखरा नाही, आजाराचा भाग आहे. त्यांना डावीकडे मान वळवण्याची आठवण करत राहावी. बोलताना, सावधपणे, त्या बाजूने यावे.

हातात रबरी चेंडू देऊन ‘दाबत राहा’ सांगण्याची पद्धत फार आहे. बहुतेक रुग्णांची अडचण मूठ मिटण्याची नसते, उघडण्याची असते. आधीच कडक झालेल्या मुठीला चेंडू आणखी मिटायला शिकवतो, म्हणून अनेक थेरपिस्ट तो नको म्हणतात. त्यापेक्षा टेबलावर हात पसरणे, पेला सोडणे, कपडे वाळत घालायचे चिमटे उघडणे बरे.

कलमा येतो, नाव येत नाही

एका घरात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. म्हातारबुवांची उजवी बाजू आणि बोली गेलेली. मुलाचे नाव सांगता येईना, पाणी मागता येईना. आणि मगरिबच्या अजाननंतर त्यांनी सूरह फातिहा अडखळत पण शेवटपर्यंत म्हटली. बायकोच्या डोळ्यांत पाणी आले. थोरला मुलगा मात्र चिडला, ‘हे बोलू शकतात, आपल्याशीच बोलत नाहीत.’

ते नाटक नव्हते. नवीन वाक्य जुळवून बोलणे आणि लहानपणापासून पाठ असलेले म्हणणे, ही मेंदूची वेगवेगळी कामे आहेत. फ्रान्सचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्या रुग्णावरून बोलीची जागा दाखवून दिली, तो बहुतेक वेळा ‘तान’ एवढाच शब्द बोलू शके, पण चिडला की शिवी स्पष्ट देई. आकडे मोजणे, वारांची नावे, दुआ, सलाम, गाणे आणि शिव्या हे सगळे पुष्कळ रुग्णांमध्ये शिल्लक राहते. वाचा-उपचारतज्ज्ञ याचाच जिना करतात. पाठ असलेल्या ओळीतला शेवटचा शब्द रुग्णाला म्हणायला लावायचा, सुरात म्हटलेले हळूहळू साध्या बोलण्यात आणायचे.

यांना समजते, फक्त बोलता येत नाही. काहींचे उलट असते, शब्द भराभर येतात पण अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही कळत नाही. कोणता प्रकार आहे हे तपासून घ्यावे. घरात एका वेळी एकानेच बोलावे, टीव्ही बंद, ‘चहा की पाणी?’ असे दोन पर्यायांचे प्रश्न. आणि कोणत्या भाषेत? आपल्या घरांत कोकणी किंवा दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. स्ट्रोकनंतर या भाषा सारख्याच परत येतीलच असे नाही. जी आधी येते तिच्यात बोलावे, आणि थेरपिस्टला घरची भाषा कोणती ते पहिल्याच दिवशी सांगावे.

तेल, कबूतर आणि गरम पाण्याची पिशवी

हलक्या मालिशने बरे वाटते, माणसाचा स्पर्श मिळतो, त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती तेलालाच इलाज समजण्याला. आणि सुन्न बाजूला चटका कळत नाही. कडकडीत तेलाने, गरम विटेने, पिशवीने भाजलेले पाय आम्ही पाहिले आहेत. कबुतराचे रक्त चोळणे, जंगली कबुतराचे सालन खायला घालणे यांचा लकव्यावर उपयोग होतो याला काही आधार नाही. गावठी औषध देणाऱ्यांपैकी काही ‘डॉक्टरच्या गोळ्या बंद करा’ असे सांगतात. तिथून लगेच उठावे.

नमाज, वुजू, रोजा

‘उभे राहता येत नाही, आता नमाज कशी?’ हे दुःख पुष्कळांना हात गेल्याच्या दुःखाहून मोठे असते. शरीअतने यात सवलत दिलेली आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर, इशाऱ्याने. पाणी वापरता येत नसेल किंवा त्याने अपाय होत असेल तर तयम्मुम. हनफी-शाफई तपशील आपल्या इमामांकडून समजून घ्यावा. नमाज ही फिजिओथेरपीच्या जागी नाही, पण रुग्णाला काय परत हवे आहे हे थेरपिस्टला सांगताना तिचा फार उपयोग होतो. ‘अब्बांना खुर्चीवरून उठून रुकू करायचा आहे’ असे ध्येय सांगितले की सराव त्या दिशेने बेतता येतो, आणि स्वतःला हव्या असलेल्या कामाचा सराव माणूस मनापासून करतो. एक सावधगिरी म्हणजे, वुजूखान्याची ओली फरशी ही पडण्याची हमखास जागा आहे. घरातच खुर्चीवर बसून वुजू करावा. मशिदीच्या कमिट्यांनी तिथे एखादा पकडायचा गज बसवला तर किती बरे होईल.

रोज्यासाठी गोळ्यांच्या वेळा स्वतः बदलू नयेत. नुकताच स्ट्रोक झालेल्याला, त्यातून शुगर असेल तर, दिवसभर पाण्याविना राहणे धोक्याचे ठरू शकते. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची, आणि बरे होण्याची आशा नसेल तर फिदयाची मुभा आहे. आधी डॉक्टर, मग आलिम, या क्रमाने विचारावे.

घरचे पुरेसे आहेत का?

आम्हाला वाटत होते, हो. भारतातच याचा मोठा अभ्यास झाला. १४ रुग्णालये, १२५० रुग्ण, निकाल २०१७ मध्ये. अर्ध्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवले, अर्ध्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन सारखेच, ४७ टक्के. म्हणजे घरच्यांना थोडे शिकवून सोडून दिले की भागत नाही. घरच्यांचे काम म्हणजे थेरपिस्टने दिलेला सराव दिवसातून चार वेळा करवून घेणे. थेरपिस्ट लागतोच. रोज परवडत नसेल तर आठवड्यातून एकदा बोलवा, नवीन सराव मोबाइलवर व्हिडिओ करून घ्या.

मुंबईत हाजी अलीला दर्ग्यावर जाणारे हजारो लोक रोज त्या परिसरातून जातात, पण तिथेच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे हे थोड्यांना ठाऊक असते. केंद्र सरकारची, १९५५ पासूनची. फिजिओथेरपी, व्यवसायोपचार, वाचा-उपचार, पायाचे पट्टे आणि आधार हे सगळे एका छताखाली. केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांतही हे विभाग आहेत. व्यवसायोपचार म्हणजे नोकरी लावून देणे नव्हे. आंघोळ, कपडे, स्वयंपाक, लिहिणे ही रोजची कामे पुन्हा करायला शिकवणे. आशियातले याचे पहिले विद्यालय १९५० साली केईएममध्येच कमलाबाई निंबकर यांनी सुरू केले. जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी.

चिडणे, रडणे, गप्प बसणे

स्ट्रोकनंतर तीनपैकी जवळपास एकाला नैराश्य येते. ‘ईमान कमजोर झाले’ किंवा ‘हिंमत हरले’ म्हणून त्याला झिडकारू नये. त्यावर औषध आहे आणि ते घेतले तर व्यायामातही मन लागते. काहींना कारण नसताना रडू किंवा हसू फुटते, तेही मेंदूच्या इजेमुळे.

आणि त्या घरातल्या बाईबद्दल कोण विचारतो? बहुतेक घरांत सगळे एकाच सुनेच्या किंवा बायकोच्या अंगावर पडते. मुलगे फी भरतात आणि सुटतात. शू-शीच्या कामाला, उचलण्याला पुरुषांनी हात लावावा. बापाला बेडवरून खुर्चीत बसवायला ताकद लागते, आणि ती घरात असते. रात्रीची पाळी वाटून घ्यावी. खिदमतीचा सवाब एकटीलाच का?

दुसरा झटका, आणि कागदपत्रे

एकदा स्ट्रोक झालेल्याला पुन्हा होण्याचा धोका असतो, आणि पहिल्या महिन्यांत जास्त. बीपीची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करणे हे त्याचे सर्वांत मोठे कारण आम्ही पाहतो. बहुतेक रुग्णांसाठी बीपी १३०/८० च्या खाली ठेवण्याचा सल्ला असतो. आपला आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्यावा आणि घरी यंत्र ठेवावे. रक्त पातळ करण्याची गोळी गुठळीवाल्याला दिलेली असते, रक्तस्राव झालेल्याला ती घातक ठरू शकते, म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या बघून घेऊ नयेत. मिसरी, तंबाखू, विडी बंद. सुकट, खारवलेली मासळी, लोणचे, पापड कमी.

तोंड वाकडे, हात गळणे, बोली अडखळणे यातले काहीही अचानक दिसले तर १०८ ला फोन करून, सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. वेळ मोजतात ती शेवटचे ठीक दिसले तेव्हापासून, म्हणून घड्याळ बघून ती वेळ लिहून ठेवावी. ‘सकाळपर्यंत बघू’ नको.

सहा महिन्यांनंतरही हात किंवा पाय अधू राहिला तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यातल्या बऱ्याच सवलती लागू होतात. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात, आणि त्यावरून यूडीआयडी कार्ड मिळते. जाताना आधार कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा, डिस्चार्जचा कागद आणि सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट सोबत न्यावा. तो डिस्चार्जचा कागद लॅमिनेट करू नका. डॉक्टरांना त्यावर पुढचे लिहायचे असते.